यंत्रातला आकडा कुणाचा?

आम्ही वरळी कोळीवाड्यातल्या बचत गटाच्या बाया. मासळी विकून हिशेब ठेवायची सवय होतीच. मग गटाच्या पैशातून बीपीचं यंत्र घेतलं आणि तब्येतीचाही हिशेब सुरू केला. आमच्या यंत्रात मोजलेले आकडे साठतात. वायर लावली की ते कॉम्प्युटरवर येतात आणि महिन्याभराचा कागद डॉक्टरांना दाखवता येतो. हे चांगलंच, कारण दवाखान्यात घाबरूनच कितीजणींचं बीपी चढतं.

पण आमचा पहिलाच कागद फसला. एका मावशींच्या नावावर सकाळी 118, लगेच 164! डॉक्टर गोळी वाढवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मावशी, रात्री अडीचला बीपी कशाला मोजलंत?" मावशी म्हणाल्या, "तेव्हा मी झोपेत असते!" मग उलगडा झाला. सेल बदलल्यावर यंत्राचं घड्याळ चुकलं होतं. आणि 164 हा आकडा मावशींचा नव्हताच, त्यांच्या जावेचा होता. मावशींना नको ती गोळी मिळाली असती आणि जाऊबाई औषधाविना राहिल्या असत्या.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. सेल बदलले की आधी तारीख-वेळ तपासतो. बऱ्याच यंत्रांत दोन माणसांचे आकडे वेगळे ठेवायची सोय असते. पण आम्ही दहाजणी. म्हणून वहीत नाव, तारीख, वेळ आणि आकडा लिहितो आणि कॉम्प्युटरवरच्या यादीशी ताडून पाहतो. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसतो. चहा आणि मिश्री नंतर.

वायर लावूनही काही दिसलं नाही, तर यंत्र बिघडलं असं लगेच समजू नका. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून माहिती जात नाही. ब्लूटूथच्या यंत्राला बहुधा त्याच कंपनीचं अ‍ॅप लागतं. काही यंत्रं तर कॉम्प्युटरला जोडताच येत नाहीत. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारा. बाहेरच्या कॉम्प्युटरवर प्रिंट काढलीत, तर फाइल पुसूनच उठा. आपलं दुखणं चारचौघांत कशाला?

घरी मोजलेला आकडा सतत 135/85 किंवा त्याच्या वर दिसला, तर दवाखान्यात जा. कमी दिसला म्हणून गोळी मनाने बंद करू नका. आणि जाताना वही बरोबर न्या. यंत्र आकडा सांगतं, तो कुणाचा हे आपल्यालाच सांगावं लागतं.