रविवार कोणाचा?

(परळ येथें कष्टकरी कुटुंबांपुढें केलेलें भाषण)

मुंबईच्या गिरण्यांत आपले वाडवडील राबले, तेव्हां त्यांना आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालापासून ती मागितली. १८९० च्या एप्रिलांत कामगारांची मोठी सभा भरली. तींत दोन कामकरी बायाही बोलल्या. त्याच वर्षीं १० जूनला मालकांनीं रविवारची सुटी कबूल केली.

पण आमच्या घरांत काय दिसतें? रविवारीं बाप्याला सुटी आणि बाईला दुप्पट काम! पाहुणा आला, मटण शिजलें, भांड्यांचा ढीग पडला. सारें तिनें एकटीनें उरकायचें. ज्या रविवारासाठीं बाया सभेंत बोलल्या, तो बाईलाच मिळाला नाहीं. मग घरापुरते आम्हीच गिरणीमालक झालों कीं नाहीं?

धर्म शोधायला लांब जायला नको. येत्या रविवारीं भांडीं आपण घासूं, पाणी आपण भरूं आणि तिला म्हणूं, "बस, तुझा भोंगा झाला."

लोखंडे यांनीं जें हजारों परक्यांसाठीं मागितलें, तें घरच्या एका माणसाला देववत नसेल, तर त्यांचें नांव घेण्याचा आम्हांस काय अधिकार?