शस्त्रक्रियेनंतरचा आकार



विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, वसंत व्याख्यानमालेत हा विषय कशाला?" स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया म्हणजे चैन, आणि चैनीनंतरची तक्रार कसली ऐकायची, असा त्यांचा भाव होता. ती तक्रार ऐकण्याजोगी आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९६२ साली अमेरिकेत, टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी, टिमी जीन लिंडसे या सहा मुलांच्या आईच्या छातीत सिलिकोनच्या पिशव्या बसवण्यात आल्या. ही जगातली अशी पहिली शस्त्रक्रिया. गंमत अशी की, बाई इस्पितळात गेल्या होत्या अंगावरचे गोंदण काढायला! क्रोनिन आणि गेरो या शल्यविशारदांनी हा नवा प्रयोग सुचवला, तेव्हा त्या म्हणाल्या, त्यापेक्षा माझे कान नीट बसवा. अखेर दोन्ही झाले. पुढे पन्नास वर्षांनी, २०१२ साली, वार्ताहर त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी एक नवल बोलून दाखवले. वयाबरोबर ही छातीही ओघळली होती. ती होती तिथेच राहील अशी त्यांची समजूत होती.

ती समजूत आजही तशीच आहे. पिशवी कारखान्यात तयार होते. आकार मात्र शरीर ठरवते, आणि तो ठरवण्याचे काम वर्षानुवर्षे चालू ठेवते.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात एखादी भगिनी घाबरून येते. छाती फार वर आणि ताठ दिसते, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. तिला मी सांगतो, "ताई, अजून थांबा." स्नायू आवळलेले असतात, सूज असते, पिशवी हळूहळू खाली बसते. तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या आधी तरी कुठे असतात? पण आधी आपण आरशात इतके निरखून पाहिलेले नसते. मात्र एक बाजू एकाएकी सुजली, लाल झाली, ताप आला, तर थांबायचे नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कोणतीही परकी वस्तू आत राहिली की शरीर तिच्याभोवती तंतूंचा पापुद्रा विणते. हा शरीराचा धर्मच आहे. बहुतेकींच्या बाबतीत तो पातळ राहतो. काहींच्या बाबतीत मात्र तो जाड होऊन आवळू लागतो. आतली पिशवी मऊच असते, पण मुठीत धरल्यासारखी ती घट्ट लागते, वर सरकते, चेंडूसारखी गोल दिसते. पुढे दुखूही लागते. जंतुसंसर्ग झाला किंवा आत रक्त साकळले तर हा धोका वाढतो. पण काही चूक झाली नसतानाही हे घडते. अंगाने कृश असलेल्या स्त्रीला त्वचेखाली पिशवीच्या सुरकुत्या जाणवतात. त्या टाळण्यासाठी पिशवी स्नायूखाली ठेवावी, तर हाताने जोर लावताना छाती वेडीवाकडी हलते. सगळीच सोय एका ठिकाणी मिळत नाही.

चैनीचे म्हणाल, तर १८९५ साली हायडेलबर्गच्या चेर्नी नावाच्या डॉक्टरांनी स्तनातली गाठ काढल्यावर पडलेली पोकळी त्याच स्त्रीच्या अंगावरची चरबीची गाठ बसवून भरली. कर्करोगाने स्तन गेलेल्या स्त्रियांनाही आज याच पिशव्या बसवतात. पापुद्रा विणताना शरीर हौस आणि गरज असा भेद करीत नाही. मग तक्रार ऐकताना आपण का करावा?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ साली सिलिकोनच्या पिशव्यांवर निर्बंध घातले आणि २००६ साली ते सैल केले. २०२१ मध्ये त्यांनी वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला: या पिशव्या आयुष्यभर टिकतील असे धरू नये. शिवाय धोक्यांची यादी रुग्णाला वाचून दाखवून तिची सही घेण्याचा नियम केला. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ साठ वर्षांनी हे सुचले!

आता एक हकिगत सांगतो. एक बाई नणंदेला घेऊन माझ्याकडे आल्या. शस्त्रक्रिया परगावी झालेली, आठवा महिना. डावी बाजू वर चढलेली. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे दोनदा दाखवले, दोन्ही वेळा "मनाचे खेळ आहेत" असे उत्तर मिळाले. मी तपासले आणि म्हटले, "बाई, ही बाजू कठीण झाली आहे. तुमचं म्हणणं खरं आहे." त्यावर त्या रडू लागल्या. नणंद म्हणाली, "डॉक्टर, आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालं."

मी दोन वाटा सांगितल्या. पापुद्रा काढून नवी पिशवी बसवावी, पण पुन्हा तसेच होऊ शकते. नाहीतर दोन्ही काढून टाकाव्यात. त्यांनी विचारले, "काढल्यावर पहिल्यासारखं होईल ना?" मी नाही म्हटले. ताणलेली त्वचा पुरती परत येत नाही.

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे आधी कळलं असतं तरी मी कदाचित केलंच असतं. पण मग घरात कुणापासून लपवलं नसतं."

दिवाळीनंतर त्यांनी दोन्ही पिशव्या काढून घेतल्या. पंधरा दिवस स्वयंपाकघर नणंदेने सांभाळले.