मुलीला कोंडू नका

(भिवंडी तालुक्यातील एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापुरात, ऑगस्ट २०२४ मध्ये काय झाले ते आपणांस ठाऊक आहे. शाळेत चार-चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आईबापांची तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी कित्येक तास लावले. तेव्हा २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, नऊ-दहा तास गाड्या थांबल्या. मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. लोक उठले नसते तर सरकारही इतक्या लवकर हलले नसते.

परंतु मोर्चा घरी परतल्यावर आपल्या घरात काय झाले, हे मला विचारायचे आहे. आपण मुलीलाच बजावले : अंधाराच्या आत ये, शिकवणी बंद कर, दहावी झाली एवढे पुरे, आता लग्न उरकून टाकू. गुन्हा करणारा कोण आणि कोंडून घ्यायचे कोणी? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती हीच.

बरे, कोंडून तरी ती सुरक्षित राहते काय? लहान मुलींवरील अत्याचाराच्या बहुतेक खटल्यांत आरोपी ओळखीचाच असतो, असे सरकारी नोंदी सांगतात. शेजारी, नातलग, मालक, शिकवणारा. मग दार लावून आपण कोणाला बाहेर ठेवले आणि कोणाला आत घेतले?

रस्त्याचेही तसेच. आपल्याकडे कारखान्याची पाळी सुटते, गोदामांच्या वाटेवर ट्रक उभे असतात, खांबावर दिवा नसतो. कांड्या भरून परतणारी बाई आणि कॉलेजातून येणारी पोर त्याच वाटेने जातात. तिथे बायकांची ये-जा तुटली की ती वाट गुंडांची होते. म्हणून मुलीला वाटेवरून काढणे हा उपाय नव्हे. वाटेवर दिवा आणि चांगली माणसे आणणे हा उपाय.

१८४८ नंतर सावित्रीबाई पुण्यात शाळेला जात, तेव्हा लोक शेण आणि चिखल फेकीत. तोही भर रस्त्यात स्त्रीला भिववून घरी बसवण्याचाच डाव होता. जोतीरावांनी ‘घरी बैस’ म्हटले नाही. सावित्रीबाईंनी जास्तीचे लुगडे जवळ ठेवले आणि शाळा चालू ठेवली. त्यांचे नाव घेणाऱ्याने आपल्या मुलीची शाळा बंद करावी, हे कोणत्या तोंडाने?

आणखी एक कडू गोष्ट बोलतो. २००६ साली भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. त्यासाठी रस्त्यावर उतरले ते बहुतेक दलित बांधवच. २०१६ साली कोपर्डीच्या मराठा मुलीसाठी लाखोंचे मूक मोर्चे निघाले. पुढे मुली चालत होत्या, निवेदनेही त्यांनीच दिली. हे थोर झाले. परंतु त्याच मोर्चांत आरक्षण आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा हेही विषय आले. मुलीचे दुःख जातीच्या तराजूत घालू नये. आगरी, कुणबी, कोळी, कातकरी, मोमीन, कोणाचीही मुलगी असो, मोर्चा सगळ्यांचा निघाला पाहिजे.

मोर्चा एक दिवसाचा, वाट रोजची. रोजचे काम कसे करावे, हे भिवंडीनेच देशाला दाखवले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंग्यांनी हे गाव पोळले होते. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. हिंदू-मुसलमान एका सतरंजीवर बसू लागले. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. जे दंग्यासाठी जमले ते मुलींसाठी का जमू नये? प्रत्येक आळीत कमिटी करा, तीत निम्म्या बाया घ्या. दिवा कुठे नाही, दारूचा अड्डा कुठे आहे, पोरी कुठे वाट बदलतात, हे त्यांना विचारा आणि ग्रामपंचायतीकडून, महापालिकेची हद्द असेल तर महापालिकेकडून, लेखी काम करून घ्या.

कायदाही ध्यानात ठेवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचे कळूनही कळवले नाही तर तो गुन्हा आहे. संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर शिक्षा अधिक. तक्रार न नोंदवणाराही दोषी. मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हद्द आमची नाही, हे उत्तर चालत नाही. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. मुलांसाठी १०९८ हा फोन आहे.

शेवटी पुरुषांना विनंती. मुलीला ‘सांभाळून जा’ म्हणता, तसे मुलाला ‘नीट वाग’ म्हणा. चावडीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरीवर बोलणाऱ्याला तिथेच उठवा, मग तो आपला भाचा असो की सरपंचाचा मुलगा. मुलगी घरी सांगायला आली तर ‘तू तिथे गेलीसच कशाला’ असे विचारू नका. आधी तिचे ऐकून घ्या. उद्या सकाळी तिचे दप्तर तिच्या खांद्यावर द्या. ती शाळेत पोचली तर आपला मोर्चा पोचला.