नाशिकची वाइन-सहल निवडताना
(वार्षिक स्नेहसंमेलनातील मनोगत)



नाशिकला जायचं ठरतंच आहे, तर अनुभवाचं सांगतो. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणी असते, तेव्हाच जावं. पावसाळ्यात वेलीवर घड दिसत नाहीत. नुसते चार प्याले पुढे ठेवणारी नको, टाक्या आणि ओकची पिंपं दाखवून समजावणारी फेरी घ्या. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची असतात, हे तिथेच कळतं. आधी वास घ्या, घोट तोंडात घोळवा. थुंकलात तरी कोणी हसत नाही!

मागे आम्ही घरची गाडी नेली. चालवणाऱ्यानेही चव घेतली आणि कसारा घाटात आमची बोबडी वळली. म्हणून यंदा बसच करू. एकविशीच्या आतल्यांना फक्त द्राक्षं! न पिणाऱ्या ज्येष्ठांनीही जरूर यावं. मळा पाहायला कोणाची ना आहे?