टाळेबंदीतली हवा

२५ मार्च २०२० पासून कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधार पर्वतरांगेची बर्फाळ शिखरं दिसू लागली. मुंबई-दिल्लीत नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्यानं घटला. शहरांत हा वायू मुख्यतः वाहनांच्या धुरातून येतो आणि हवेत काही तासच टिकतो. रस्ते ओस पडताच तो उतरला. फुप्फुसांत खोल शिरणारे सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, मात्र त्या मानानं कमी घटले. औष्णिक वीजकेंद्रं चालू होती, चुलीही पेटत होत्या. घरात अडकलेल्या बायका-मुलांना तर चुलीचा धूर जास्तच सोसावा लागला असणार. त्याबद्दल फार थोडं बोललं गेलं.

अनेक देशांत दम्याचे रुग्ण रुग्णालयात कमी आले. पण लोक संसर्गाच्या भीतीनंही तिकडे जात नव्हते, मास्कही वापरत होते. सगळं श्रेय स्वच्छ हवेला देता येणार नाही. आणि लाखोंचा रोजगार बुडवून मिळालेली हवा हा उपाय नव्हेच.

खरा उपाय प्रदूषणाची मर्यादा कडक करण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्याकडे ती ४० आहे. ती खाली आणण्याचा आग्रह आपण धरायलाच हवा.