पणजीचं माहेरचं नाव



श्रोतेहो, बीबीसीवर ‘हू डू यू थिंक यू आर?’ ही मालिका २००४ सालच्या ऑक्टोबरात सुरू झाली. नामवंत मंडळी आपल्या पूर्वजांचा माग काढतात, तीच. तुमच्यापैकी अनेकांनी ती, नाहीतर त्याच वळणाची एखादी, पाहिली असेल. मला आज बोलायचंय ते बघणाऱ्यांबद्दल. म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल.

२०१६ साली त्या मालिकेत डॅनी डायर आला. पूर्व लंडनचा नट, बोलणं अगदी रांगडं. तो निघाला राजा तिसऱ्या एडवर्डचा वंशज! गेल्या वर्षी लेकीकडे होते तेव्हा हा भाग आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. संपताक्षणी नातवानं विचारलं, “आजी, आपल्यात कुणी सरदार होतं का गं?”

आता हिशेब बघा. आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. दहाव्या पिढीला १०२४, विसाव्या पिढीला दहा लाखांच्या वर. तेवढे वेगवेगळे लोक असणारच नाहीत, तीच माणसं फिरून फिरून येतात. म्हणून तिकडचे जाणकार सांगतात, की मूळच्या ब्रिटिश घरातल्या जवळपास प्रत्येकाच्या मागे हा एडवर्ड निघेल. राजा सापडण्यात नवल ते काय राहिलं? आणि त्या दहा लाखांत निम्म्या बायका. त्यांचं कोण विचारतं?

दह्याचंच घ्या. माझ्याकडे आज सकाळी लागलेलं दही आईनं दिलेल्या विरजणाचं. आईनं ते तिच्या आईकडून आणलं होतं. मध्ये एकदा नासलं तेव्हा शेजारणीकडून आणलं, आणि ते शेजारणीला कधीतरी आमच्याकडूनच गेलेलं. गावं बदलली, दूध बदललं, भांडी बदलली; ते चमचाभर विरजण पुढे जात राहिलं. आणि आपण वंशावळ काढायला बसलो की विचारतो, वाटी चांदीची होती का?

जेरेमी पॅक्समनचा भाग आठवा. भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडणारा मुलाखतकार. २००६ साली तो या कार्यक्रमात रडला. त्याची पणजी ग्लासगोची, हलाखीत दिवस काढणारी. लग्नाबाहेर मूल झालं म्हणून गरिबांना मिळणारी मदत तिची बंद केली, हे त्याला कळलं. लोकांच्या लक्षात काय राहिलं? पॅक्समन रडला. कुणासाठी रडला? मेरी मॅके तिचं नाव. मी पुन्हा सांगते, मेरी मॅके.

त्याच मालिकेत आलेल्या अनिता राणी या निवेदिकेच्या आजोबांची पहिली बायको आणि मुलं फाळणीत गेली. तो भाग आमच्याकडे कुणाला पुरा बघवला नाही.

आपल्याकडे तर बाईचं नाव हरवायची सोयच करून ठेवलेली. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, त्यावर नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, नातेवाइकांनी पेढे वाटायचे. तांदूळ पुन्हा डब्यात जातात. माहेरचं नाव ज्या चार माणसांना ठाऊक, ती गेली की संपलं. जुन्या वंशावळींत तर कित्येकदा सासरचंही नाव नसतं. म्हणून म्हणते, घरात जी कुणी ऐंशीच्या पुढची असेल तिला आज जेवणं झाल्यावर विचारा. सरदार नका विचारू. तिच्या आजीचं माहेरचं नाव विचारा.

मी मावशीला फोन लावला. वय ८८, ऐकू कमी येतं.

“मावशी, तुझ्या आजीचं नाव काय गं?”

“बयो म्हणायचे सगळे.”

“ती हाक झाली. नाव?”

“लक्ष्मी. चुलीपुढे डावा पाय लांब करून बसायची. गुडघा धरायचा तिचा.”

“ते सासरचं. माहेरचं?”

मावशी बराच वेळ गप्प. नाही आठवलं. दोन दिवसांनी सकाळी सहाला तिचाच फोन. “ठकी! ठकी गं. तिचा भाऊ आला की अंगणातूनच ओरडायचा, ठके, पाणी आण पाय धुवायला.”

अहो, मी चहा गॅसवर तसाच ठेवून ते कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलं. ठकी. माझी पणजी.

आता ठकीचं गाव शोधायचंय. मावशीला नाव सांगता येत नाही. नदीपलीकडचं असावं म्हणते, कारण भावाच्या पायांना गाळ असायचा. गावोगावच्या कोतवाल बुकांत जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी आहेत, तहसिलीत बघायला मिळतात. पण त्या मोडीत, आणि मुलीची नोंद पुष्कळदा नुसत्या बापाच्या नावावर. ती कशी ओळखायची, हे मला सांगायचं होतं, पण समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. एवढंच सांगते, की दोन्ही नावं जवळ ठेवा, माहेरचं आणि सासरचं, कारण जन्माच्या नोंदीत एक आणि मृत्यूच्या नोंदीत…

बरं, थांबते.