एक प्रत, दोन प्रती

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातलं भाषण, बोललं तसंच उतरवलेलं)

 

संयोजकांनी मला 'जनुकशास्त्र आणि आपले जीवन' असा विषय दिलाय आणि वीस मिनिटं दिलीत. मागे वांगी भाजल्याचा वास सुटलाय, त्यामुळे जीवन वगैरे मी बाजूला ठेवतो. दोनच गोष्टी सांगतो. एक आमच्या शेतातली, एक आपल्या वर्गातली.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर एक चौकट काढली होती, आठवते? उंच वाटाणा, बुटका वाटाणा. मोठा टी, छोटा टी, चार घरं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं होतं, "सर, वाटाणा कुठे लावतो आपण? कपाशीचं सांगा!" सर हसले आणि म्हणाले, "कपाशीलाही हेच लागू आहे." आपल्याला वाटलं, सर वेळ मारून नेताहेत. सर, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगतो, पुढची तीस वर्षं माझं पोट त्याच चौकटीवर चाललंय.

सरांचं म्हणणं साधं होतं. शरीर घडवणाऱ्या बहुतेक सूचनेच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पुढे मुलाला देताना त्यातली एकच जाते. कोणती, ते नाणं उडवून ठरावं तसं ठरतं.

आता शेत. २०१७ चा कापूस तुमच्यापैकी निम्म्यांना तरी आठवत असेल. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कवडी झालेली. डोमकळ्या तर ऑगस्टपासूनच दिसत होत्या. दादाचा मला फोन आला. "तू एवढा शिकला, सांग बरं, बियाणं खोटं निघालं का?"

बियाणं खोटं नव्हतं, अळी बदलली होती.

बीटी कपाशीला आपल्या देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारणारं प्रथिन तयार करू लागलं. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. ते प्रथिन अळीच्या आतड्यात एका ठरावीक जागी जाऊन बसतं, किल्ली कुलपात बसावी तसं, आणि आतडं फुटतं. पण काही थोड्या अळ्यांमध्ये त्या कुलपाचा आकारच वेगळा असतो. किल्ली बसत नाही. अशा अळ्या बीटीने निर्माण केल्या नाहीत, त्या क्वचित कुठेतरी आधीपासून होत्या. बीटीने फक्त बाकीच्या मारल्या आणि यांना रान मोकळं करून दिलं. डार्विनच्या जाडजूड पुस्तकाचा गाभा आपल्या शिवारात असा उघडा पडला होता. २००९ च्या हंगामात गुजरातेत, अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या भागांत पहिल्या जनुकाला न जुमानणारी अळी सापडली. पाच-सहा वर्षांत दोन्ही जनुकं पचवणारी अळी तिथेच निघाली, आणि मग ती आपल्याकडे दिसली. गंमत म्हणजे या अळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं १८४३ मध्ये, तेही गुजरातेतल्याच भरूचकडच्या कपाशीवरून.

आता सरांची चौकट. कुलपाच्या सूचनेच्याही अळीकडे दोन प्रती. एकच प्रत बदललेली असेल तर दुसऱ्या प्रतीचं जुनं कुलूप शिल्लक राहतं आणि अळी मरते. दोन्ही बदललेल्या असतील तरच ती वाचते. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. कडेने निदान पाच ओळी त्याच्या लावायच्या. त्या ओळींत साध्या अळ्या मजेत वाढणार, त्यांचे पतंग होणार, आणि बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाची जोडी त्यांच्यापैकीच कुणाशी तरी जमणार. पिल्लांकडे मग बदललेली प्रत एक-एकच, म्हणजे बीटीवर ती मरणार. ओळी नसल्या तर वाचलेल्याला जोडीदारही वाचलेलाच मिळतो.

हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अळीसाठी पाच ओळी पेरायच्या? सोसायटीचं कर्ज अळीने काढलंय का?" आमच्याकडे ती पुडी बांधावर फेकली जायची. एका वर्षी तर पोरांनी तिच्या बियांनी गोट्या खेळल्याचं मला आठवतं. पण सगळं खापर दादाच्या माथी फोडायला मी तयार नाही. त्या पुडीतलं बी कधी उगवायचंच नाही, कधी भलत्याच मुदतीचं निघायचं, ही शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. आणि पुडी कशाला, हे चौकट काढून कुणी सांगितलं होतं? आता ते बी मुख्य पाकिटातच मिसळून देतात.

बाकीची घाई आपण केली. पाणी आहे म्हणून मे महिन्यात लागवड, भाव येईल म्हणून मार्चपर्यंत फरदड. अमेरिकन बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावर, टमाट्यावरही जगते, म्हणून तिच्या साध्या अळ्या आपोआप शिल्लक राहतात. गुलाबी अळीचं कपाशीवाचून फारसं भागत नाही, आणि आपण तिला जवळजवळ बारमाही पंगत वाढली. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बिगर-बीटी पट्टे सांभाळले, पुढे विमानांतून वांझ पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये ती तिथून संपल्याचं जाहीर झालं. तीच अळी, तेच जनुक. डिसेंबरात पऱ्हाटी उपटा, कामगंध सापळे लावा, असं कृषी खातं सांगतं तेव्हा ते याच चौकटीचं गणित सांगत असतं. दादा आता डिसेंबरात शेत रिकामं करतो. शेजारी करत नाही, ही त्याची नवी तक्रार.

अळीची एका हंगामात चार-पाच पिढ्यांची उलथापालथ होते, म्हणून हा बदल आपल्याला उघड्या डोळ्यांनी दिसला. माणसाच्या बाबतीत तेच घडायला शेकडो पिढ्या जातात. त्यामुळे तो दिसत नाही, फक्त रक्तात सापडतो. आता दुसरी गोष्ट.

आपल्या वर्गात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेला एक मुलगा होता. नाव घेत नाही, तुम्हाला कळेलच. वसतिगृहात राहायचा. शर्यतीत पहिली पन्नास पावलं सगळ्यांच्या पुढे, आणि मग मध्येच खाली बसायचा. थंडी पडली की गैरहजर. हातपाय दुखतात म्हणायचा. डोळे नेहमी पिवळट. आपण त्याला दांडीबहाद्दर म्हणायचो. मी मॉनिटर होतो, गैरहजर मुलांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात मीच लिहायचो. एकदा त्याच्या नावापुढे मी कंसात 'नेहमीचे दुखणे' असं लिहिलं. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तो आला, त्याने ते वाचलं, आणि तोही हसला.

अकरावीच्या डिसेंबरात तो गेला. छातीत दुखलं, ताप आला, दम लागला, दोन दिवसांत संपलं. निमोनिया झाला, असं म्हणाले सगळे.

त्यानंतर वीसेक वर्षांनी रक्ततपासणीच्या एका शिबिरासाठी मी चोपड्याच्या वरच्या भागात गेलो होतो. एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाचे डोळे पिवळट. तपासणीत सिकलसेल निघाला. घरात आणखी कुणाला असं होतं का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "याच्या मामाले होतं." मामाची शाळा कोणती, ते विचारल्यावर मी काही वेळ बोलू शकलो नाही. त्या ताईंना विचारून, त्यांच्या होकारानेच हे सांगतोय.

हा आजार म्हणजे एका अक्षराची चूक. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, कारण जनुकात 'ए'च्या जागी 'टी' पडलेला असतो. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रामने १९५६ मध्ये हा फरक शोधला. मार्कशीटवर नावातली एक वेलांटी चुकते आणि माणूस जन्मभर प्रतिज्ञापत्रं करत फिरतो, तसला प्रकार. ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन दोऱ्यांसारखं गुंफलं जातं, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. जिथे अडकेल तिथे कळा. धावलं, थंडी वाजली, पाणी कमी प्यायलं की त्रास वाढतो. छातीत अडकलं तर ताप आणि दम, अगदी निमोनियासारखंच दिसतं.

चुकीच्या दोन्ही प्रती आल्या तर मूल सिकलसेलग्रस्त. एकच आली तर वाहक. वाहकाला सहसा काहीच होत नाही, त्याला पत्ताही नसतो. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता ग्रस्त मुलाची, दोन वाहकाची, एक पूर्ण निरोगी मुलाची. 'प्रत्येक खेपेला' हे शब्द नीट ऐका. एक मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब मी कितीतरी घरांत ऐकलाय. नाणं मागचं काही लक्षात ठेवत नाही.

मग इतकी घातक प्रत आजवर टिकली कशी? डीडीटी फवारणारे आपल्या भिंतींवर तारीख लिहून जायचे, ते आठवा. मलेरिया. हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये थॅलेसेमियाबद्दल अंदाज मांडला, की रक्ताचे असे दोष मलेरियापासून वाचवत असावेत. पुढे हा माणूस भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. सिकलसेलच्या बाबतीत ते १९५४ मध्ये अँथनी ॲलिसनने आफ्रिकेत दाखवून दिलं. एक प्रत असलेल्याला मलेरिया होतो, पण तो जिवावर बेतण्याची शक्यता फार कमी. म्हणजे मलेरियाच्या रानात दोन प्रतीवाली मुलं सिकलसेलने दगावत होती, एकही प्रत नसलेली मलेरियाने, आणि एकवाली मोठी होऊन आईबाप होत होती. आपल्या मित्राच्या पिवळ्या डोळ्यांत त्याच्या कितीतरी पूर्वजांच्या वाचण्याची किंमत होती. हे फक्त पाड्यांवरच आहे, असंही समजू नका. विदर्भात अनेक समाजांत आहे, आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे.

आपल्याकडच्या प्रकारात बाळपणीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळे भारतातला सिकलसेल सौम्य, असं म्हणायची रीत पडली. नागपूरच्या डॉक्टरांनी पाहिलेली मुलं मात्र सौम्य आजाराची नव्हती. आणि आपला मित्र तर सतराव्या वर्षी गेला.

त्याच बाळपणीच्या हिमोग्लोबिनवर आजचं औषध उभं आहे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी ते वाढवते, कळा कमी होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत जनुक दुरुस्तीच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यातही बाळपणीचं हिमोग्लोबिन बंद करणारी कळच निकामी करतात. अमेरिकेत त्याचा खर्च वीस लाख डॉलरच्या वर आहे, आपल्या पाड्याला त्याचा सध्या काही उपयोग नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत स्वस्त उपचारावर काम चालू आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ चं लक्ष्य ठेवून.

'निर्मूलन' शब्दाची मला मात्र थोडी धास्ती वाटते. तपासणी सुरू झाली की पहिली गोष्ट काय होते, तर वाहक मुलीचं लग्न मोडतं. मुलाची तपासणी कुणी मागत नाही. सरांची चौकट पुन्हा काढा. वाहकाचं लग्न वाहक नसलेल्या जोडीदाराशी झालं तर एकही मूल सिकलसेलग्रस्त होत नाही. दोघं वाहक असले तरी गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते, मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय रक्तशास्त्र संस्थेत ती होते. म्हणून तपासणी दोघांची करा, आणि लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी करा.

त्या ताईंचा मुलगा आता कॉलेजात आहे. गोळी नियमित घेतो, थंडीत स्वेटर घालतो, दप्तरात पाण्याची बाटली असते. ताईंनी त्याच्या शाळेच्या प्रत्येक वर्गशिक्षकांना जाऊन सांगितलं होतं, की हा मध्येच बसला तर बसू द्या.

जेवणाआधी एकच विनंती. आठवी अ च्या खोलीत दोन तंत्रज्ञ बसले आहेत. बोटातून थेंबभर रक्त घेतात, संशय आला तर पुढची तपासणीही करून देतील. पोरं सोबत असतील तर त्यांनाही घेऊन या, पाड्यावरची असोत की पेठेतली. माझं नाव यादीत पहिलं लिहिलंय. मॉनिटर होतो ना.